मुलाचं खातं बंद होत नाही

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षात सभासदांच्या मासिक बैठकीत केलेले भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून दिले आहे.)



सचिवांनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, "घटस्फोट आणि मुलांचा ताबा." ते जरा गप्पच झाले. मग म्हणाले, "काका, रौप्यमहोत्सवाच्या वर्षात? मुदत ठेवींवर बोला ना." मुदत ठेवींवर मी बोलेनच, कारण या विषयात त्याही येतात. पण विषय बदलला नाही, त्याला कारण आहे.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा काचा फोडतात म्हणून ज्या पोरांना आपण रागावत होतो, ती आता पस्तिशी-चाळिशीला आली. कोणी पुण्याला, कोणी हैदराबादला, कोणी इथेच वीज केंद्रात, कोळसा खाणीत, शाळेत. त्यांच्यापैकी कोणाचं जमलं नाही तर बातमी आधी आपल्याकडे येते. मग आपण दार लोटून, आवाज खाली करून बोलतो, आणि कोणीतरी सांगितलेल्या अर्धवट माहितीवर मोठे निर्णय घेऊन टाकतो. त्याची किंमत बहुतेक वेळा घरातलं लेकरू देतं. म्हणून हा विषय.

मी वकील नाही. जन्मभर बँकेत नोकरी केली. वकिलाकडे माणूस भांडण सुरू झालं की जातो, बँकेत मात्र भांडण संपल्यावर येतो, किंवा संपलं असं समजून येतो. "साहेब, आमची फारकत झाली, हिचं नाव काढून टाका." असं सांगणारे कितीतरी जण मी काउंटरवर पाहिले. त्यातून एक गोष्ट मनात पक्की झाली. नवरा-बायकोचं संयुक्त खातं बंद करता येतं, मुलाचं खातं बंद होत नाही. कायदा नवरा-बायकोला एकमेकांपासून मोकळं करतो, पण आई-बाप म्हणून दोघांनाही मोकळं करत नाही. आज जे सांगणार आहे ते सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

स्टॅम्प पेपरवरची फारकत

आपल्या भाषेत घटस्फोटाला जुने शब्द आहेत. सोडचिठ्ठी, फारकत, काडीमोड. पंचांसमोर गवताची काडी मोडायची की संबंध मोडला, अशी कितीतरी जातींत रीत होती. म्हणजे वेगळं होणं ही काल-परवाची गोष्ट नाही. पण सगळ्यांना लागू होईल असा लेखी हक्क फार उशिरा आला. हिंदू कोड बिल रखडलं, हे बाबासाहेब आंबेडकरांच्या 1951 च्या राजीनाम्याचं एक मोठं कारण होतं. पुढे 1955 मध्ये हिंदू विवाह कायदा झाला आणि घटस्फोटाचा हक्क नवऱ्याइतकाच बायकोलाही मिळाला. त्याच्या पुढच्याच वर्षी, 16 ऑक्टोबर 1956 ला, बाबासाहेबांनी आपल्या याच चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे. ज्यांनी नोंदणी पद्धतीने विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलं, त्यांना 1954 चा तो कायदा लागू. मुस्लिम आणि ख्रिश्चन कुटुंबांचे कायदे वेगळे आहेत.

आता गैरसमज बघा. शंभर रुपयांचा स्टॅम्प पेपर घ्यायचा, "आम्ही राजीखुशीने वेगळे होत आहोत" असं लिहायचं, नोटरीचा शिक्का मारायचा, झाली फारकत! नाही हो, झाली नाही. हिंदू विवाह कायद्याने जुन्या रूढीची फारकत मान्य ठेवली आहे हे खरं, पण ती रूढी आपल्या समाजात पूर्वापार चालत आली आहे हे न्यायालयात सिद्ध करावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट सांगितलेलं आहे. रूढी सिद्ध झाली नाही तर तो कागद रद्दीच समजा, लग्न कायम राहतं. त्या भरवशावर दुसरं लग्न केलं तर तो गुन्हा होतो, आणि दुसरी बायको कायद्याने बायको ठरत नाही. माणूस गेल्यावर पेन्शनच्या आणि ठेवीच्या अर्जावर दोन बाया समोरासमोर उभ्या राहतात. दोघीही खरं बोलत असतात आणि दोघींच्याही हातात लेकरं असतात. बँकेच्या अधिकाऱ्याला असा दिवस फार जड जातो. दुसऱ्या लग्नाच्या मुलांना कायदा अनौरस मानत नाही, एवढाच काय तो दिलासा.

न्यायालयाचा हुकूमनामा मिळाला तरी अपिलाची मुदत संपेपर्यंत थांबायचं असतं, हेही अनेकांना माहीत नसतं.

दोघांच्या संमतीने

जमणारच नसेल तर त्यातल्या त्यात कमी त्रासाचा रस्ता म्हणजे परस्पर संमती. कलम 13-ब. निदान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं, मग दोघांनी मिळून अर्ज करायचा. त्यानंतर सहा महिन्यांनी पुन्हा न्यायालयासमोर जाऊन "आमचा विचार तोच आहे" असं सांगायचं. समेटाची आशाच उरली नसेल आणि मुलांचा, पोटगीचा प्रश्न खरोखर मिटलेला असेल, तर हे सहा महिने न्यायालय माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये म्हटलं. माफ करू शकतं म्हणजे करतंच असं नाही. शेवटचा शिक्का बसेपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं.

मोबाईलवर एक निरोप फिरत असतो, "आता संसार कोलमडला एवढं दाखवलं की लगेच घटस्फोट." हे चुकीचं आहे. 2023 मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं की संसार सावरण्यापलीकडे मोडला असेल तर सर्वोच्च न्यायालय स्वतःच्या खास अधिकारात लग्न संपवू शकतं. तो अधिकार खालच्या न्यायालयांना नाही. तिथे छळ, दोन वर्षं सोडून जाणं अशी कायद्यातली कारणं दाखवावीच लागतात.

संमतीच्या अर्जासोबत जो समझोता लिहितात, तो मात्र नीट वाचा. मी असे समझोते पाहिलेत की दागिन्यांची यादी दोन पानं आणि मुलाबद्दल एक ओळ: "मूल आईकडे राहील, वडील अधूनमधून भेटतील." अधूनमधून म्हणजे किती? तिथूनच पुढचं भांडण सुरू होतं. लिहायचंच तर असं लिहा: पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. दिवाळीची सुटी अर्धी-अर्धी. उन्हाळ्यात इतके दिवस वडिलांकडे. आणणार कोण, पोचवणार कोण. शाळेची फी कोण भरणार, दवाखान्याचा खर्च कोणाचा. गाव बदलायचं तर किती दिवस आधी कळवायचं. कर्जाच्या कागदावर आपण हप्त्याची तारीख लिहितो की नाही? मग लेकराच्या भेटीची तारीख काहून नाही लिहायची?

ताबा कोणाला?

इथे तर गैरसमजांचं पीकच आहे. "पाच वर्षांपर्यंत आई, नंतर बाप." "ज्याचा पगार मोठा त्याला मूल." "आईने दुसरं लग्न केलं की मूल गेलं." यातलं एकही वाक्य कायद्यात असं नाही.

कायदा काय म्हणतो ते सांगतो. 1956 च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्याप्रमाणे पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असतो. पाच वर्षं झाली की मूल आपोआप बापाकडे जातं, असं कुठेही लिहिलेलं नाही. त्याच कायद्याचं कलम 13 सांगतं की मुलाचं हित हीच सर्वांत वरची बाब. त्याच्या आधीचा 1890 चा पालक व पाल्य कायदा सर्व धर्मांच्या, सर्व समाजांच्या मुलांना लागू आहे. मूल समजतं झालं असेल तर न्यायाधीश त्याचंही म्हणणं ऐकतात. पण मूल म्हणालं तसाच निकाल होतो, असंही नाही. आणि ताब्याचा आदेश कधी कायमचा नसतो. मूल मोठं झालं, परिस्थिती बदलली, तर तो बदलून मागता येतो.

ताबा आणि पालकत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यावरचा सर्वांत गाजलेला खटला बँकिंगमधूनच आला, म्हणून मला तो विशेष आठवतो. लेखिका गीता हरिहरन यांनी 1984 मध्ये आपल्या लहान मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे 9 टक्क्यांचे रिलीफ बाँड मागितले आणि पालक म्हणून स्वतः सही केली. वडिलांची सही आणा, नाहीतर सक्षम अधिकाऱ्याचा पालकत्वाचा दाखला आणा, असं उत्तर आलं. गंमत अशी की आईच्या पालकत्वाखाली मुलाचं बचत आणि मुदत ठेवीचं खातं उघडायला त्याच रिझर्व्ह बँकेने 1976 मध्ये परवानगी दिली होती. पण कायद्यात शब्द होते "पिता, आणि त्याच्यानंतर माता." नंतर म्हणजे मेल्यावरच का, असा प्रश्न होता. फेब्रुवारी 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिलं की "त्याच्यानंतर" म्हणजे "त्याच्या अनुपस्थितीत". बाप हयात आहे पण मुलाकडे बघत नाही, किंवा दोघांनी आपसात तसं ठरवलं आहे, तर आईच पालक. आज एखादी ताई एकटीने मुलाच्या कागदावर सही करते आणि कोणी भुवई उंचावत नाही, त्याच्यामागे हा निकाल आहे.

दूर राहणाऱ्या आई-बापासाठी 2020 मधला एक निकाल उपयोगाचा आहे. त्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की प्रत्यक्ष भेटीइतकाच फोनवर, व्हिडिओ कॉलवर बोलण्याचाही विचार व्हावा. सिरोंच्यात नोकरी करणाऱ्या बापाला चंद्रपुरातल्या लेकीला भेटायचं तर जाण्या-येण्यातच सुटी संपते. त्याला रोज रात्री दहा मिनिटं मिळाली, तरी लेकीला बाप असतो.

आणखी एक लक्षात ठेवा. पोटगी थकली म्हणून भेट अडवता येत नाही, आणि भेट मिळत नाही म्हणून पोटगी थांबवता येत नाही. दोन्ही हक्क मुलाचे आहेत. भेटीचा आदेश मोडला तर न्यायालयात जा, हिशेब मुलाकडून वसूल करू नका.

पोटगी: एक नागपूरचं प्रकरण

पोटगीवर आज देशभर ज्या निकालाचा आधार घेतात तो आपल्या विदर्भातून गेलेला आहे. रजनेश विरुद्ध नेहा. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात 2013 मध्ये बायकोने स्वतःसाठी आणि मुलासाठी अंतरिम पोटगीचा अर्ज केला. आदेश झाला 2015 मध्ये. नागपूर खंडपीठाने तो कायम केला 2018 मध्ये. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला नोव्हेंबर 2020 मध्ये. अर्ज झाला तेव्हा मूल तान्हं होतं, निकाल आला तेव्हा ते शाळेत जाण्याइतकं मोठं झालेलं होतं. आणि ही पोटगी अंतरिम होती, म्हणजे खटला संपेपर्यंतची!

म्हणूनच त्या निकालात न्यायालयाने सगळ्या देशासाठी नियम घालून दिले. नवरा आणि बायको दोघांनीही आपलं उत्पन्न, मालमत्ता आणि देणी शपथपत्रावर सांगायची. पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून द्यायची. आधी दुसऱ्या कायद्याखाली काही रक्कम मिळत असेल तर ती सांगायची, म्हणजे हिशेब दुहेरी होत नाही. बायको कमावते एवढ्यावरून तिचा हक्क जात नाही. मुलाच्या शिक्षणाचा खर्च साधारणपणे बापाने करायचा, आई पुरेसं कमावत असेल तर दोघांनी प्रमाणात वाटून घ्यायचा.

ही पोटगी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खाली मागत. 1 जुलै 2024 पासून तेच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144 झालं आहे. "मला त्याचा एक पैसा नको" म्हणून काही मुली रागाने सही करून मोकळ्या होतात. स्वतःचा हक्क सोडा वाटलं तर. मुलाचा हक्क सोडून द्यायचा अधिकार आईलाही नाही.

शेजारचं गडचिरोली

आपल्यापैकी कितीतरी जण नोकरीत अहेरी, एटापल्ली, भामरागड, धानोरा फिरलेत. आपलं हे शहर तर गोंड राजांची राजधानी. तरी एक गोष्ट इथल्या शिकलेल्या माणसालाही माहीत नसते. हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. कलम 2 मध्येच तसं म्हटलं आहे, केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढली तरच लागू. पालकत्वाच्या 1956 च्या कायद्याचंही तसंच. त्यामुळे गोंड, माडिया, कोलाम कुटुंबांत लग्न आणि फारकत आपापल्या रूढीप्रमाणे होते. यात कमीपणा काही नाही. गावाच्या पंचांसमोर बसून प्रश्न लवकर मिटत असेल, तर वर्षानुवर्षं तारखा करण्यापेक्षा ते बरंच.

अडचण येते ती कागदाची. मुलगा पोलिसात, मुलगी आश्रमशाळेत शिक्षिका. नोकरीच्या कागदावर, पेन्शनला, कर्जाला फारकतीचा पुरावा मागतात आणि पंचांचा निर्णय कुठे लिहिलेलाच नसतो. म्हणून माझी सूचना अशी की बैठक झाली की तारीख, पंचांची नावं, काय ठरलं आणि मुलांचं काय ठरलं हे लिहून सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्यावेत. वाद निघाला तर वैवाहिक स्थितीबद्दल न्यायालयाकडून जाहीरनामा घेता येतो, आणि तिथे हा कागद पुरावा म्हणून कामाला येतो. रूढीची फारकत झाली तरी 1890 च्या कायद्याखाली मुलाचा ताबा, कलम 144 खाली पोटगी आणि 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं संरक्षण आदिवासी बाईलाही आहे.

पैसे नाहीत म्हणून कोणी गप्प बसू नये. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण असतं, तालुक्याला समिती असते. महिला, मुलं, अनुसूचित जाती आणि जमाती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. फोन नंबर 15100. आपल्या घरी कामाला येणाऱ्या बाईलाही तो लिहून द्या.

बँकेची आणि सोसायटीची कामं

आता माझ्या धंद्याचं.

एक, गृहकर्ज. दोघांच्या नावावर कर्ज असेल तर घटस्फोटाने कोणी सुटत नाही. तुमच्या समझोत्यात बँक पक्षकार नसते. नाव कमी करायचं तर बँकेची लेखी मंजुरी लागते.

दोन, नॉमिनी. हुकूमनामा झाला म्हणून नॉमिनी आपोआप बदलत नाही. बँक, विमा, भविष्य निर्वाह निधी, आणि हो, आपल्या सोसायटीचा नामनिर्देशनाचा अर्ज, सगळीकडे स्वतः जाऊन बदलावं लागतं. भाग दाखल्यावरून नाव काढा म्हणून कार्यकारिणीवर दबाव आणू नका. नोंदणीकृत दस्त किंवा न्यायालयाचा आदेश हवा.

तीन, संयुक्त खातं. "दोघांपैकी कोणीही" अशी सूचना असेल आणि वाद झाला, तर दोघांपैकी एकानेही बँकेला लेखी कळवता येतं की एका सहीवर व्यवहार करू नका.

चार, लॉकर. दोघांसमोर यादी करा. स्त्रीधन बायकोचंच, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्येच सांगून ठेवलं आहे.

पाच, मुलाच्या नावची ठेव. पालक म्हणून सही कोणाचीही असो, पैसा मुलाचा. मुलाच्या नावावर घर-शेत असेल तर ते न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही.

आपण ज्येष्ठांनी

शेवटी आपल्या पिढीबद्दल. संसार दोघांचा मोडतो, पण खटला बरेचदा आपण लढवतो. "येऊ दे तिला कोर्टात, बघून घेऊ," हे वाक्य तरुणांपेक्षा आपल्याच तोंडी जास्त असतं. नातवाला मांडीवर घेऊन "तुला आई आवडते की बाबा?" विचारणारे आपणच. त्याने काय उत्तर द्यायचं? जे नाव घेईल त्याने दुसरं माणूस दुखावणार, हे त्या लेकराला आपल्याआधी कळतं.

आजी-आजोबांची माया खरी आहे, पण कायद्यात तिची जागा आई-बापांच्या नंतरची आहे. आई वारल्यावर मावशीच्या घरी वाढत असलेल्या एका चिमुकलीचा ताबा मुंबई उच्च न्यायालयाने वडिलांना दिला, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये तो निर्णय कायम केला. मावशीची माया कमी होती म्हणून नव्हे, बाप तिला सांभाळायला समर्थ होता म्हणून.

तेव्हा आपल्याला काय करता येईल? मुलाला सांगून-न सांगता उचलून आणू नये. भेटीच्या दिवशी त्याची पिशवी वेळेवर भरून द्यावी. सून किंवा जावई दारात घ्यायला आला तर पाणी विचारावं. आणि सोसायटीत कोणाच्या घरी असं झालं असेल तर त्या पोराला आपल्या गॅलरीतून प्रश्न विचारू नयेत. खेळू द्यावं. काच फुटली तर फुटू द्यावी.

माझं बोलणं कोणाला बोचलं असेल तर राग मानू नका. कोणाच्याही घरात याची गरज न पडो, पण पडलीच तर या अंकाचं हे पान हाताशी असू द्या, आणि 15100 हा नंबर आजच सूचना फलकावर लावावा अशी सचिवांना विनंती करतो.